ॲम्प सिममधून रेकॉर्डिंगला भारी गिटार टोन कसा काढायचा (आणि ॲम्प सगळ्यात शेवटी का बदलायचा)

ॲम्प सिम (गिटार ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकलं, सगळे प्रीसेट फिरवून झाले, वाजवताना मजा पण आली, आणि रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकलं तर गिटार बाटलीत अडकलेल्या माशीसारखी घोंगावतेय, ही तक्रार घरी रेकॉर्ड करणाऱ्या जवळपास प्रत्येक गिटारिस्टची असते. मग लोक काय करतात तर दुसरं प्लगिन घेतात, मग तिसरं, आणि आवाज तोच. माझं मत अगदी पक्कं आहे की आजची बहुतेक सॉफ्टवेअर, फुकट मिळणारी सुद्धा, चांगल्या रेकॉर्डिंगसाठी पुरेशी आहेत. टोन बिघडतो तो ॲम्पच्या दोन्ही बाजूंना. एका बाजूला गिटारमधून प्लगिनमध्ये जाणारा सिग्नल आणि दुसऱ्या बाजूला ॲम्पच्या पुढची कॅबिनेट, म्हणजे स्पीकर आणि त्याच्यासमोरचा माइक. हे दोन्ही आधी लावून घ्या, ॲम्प बदलायचा विचार त्यानंतर.

उदाहरणासाठी नेहमीचा सेटअप धरूया. हमबकरवाली (तारांचं कंपन पकडणारे दोन कॉइलचे पिकअप असलेली) गिटार, फोकसराइट स्कार्लेट टाइपचा साधा यूएसबी इंटरफेस (गिटार कंप्युटरला जोडणारा डबा), रीपर (हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं) आणि त्यात न्यूरल ॲम्प मॉडेलर, ज्याला सगळे एनएएम म्हणतात. स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी बनवलेलं हे ओपन सोर्स प्लगिन फुकट आहे, आणि खऱ्या ॲम्पचे लोकांनी केलेले कॅप्चर (आवाजाचे डिजिटल ठसे) टोन३००० या साइटवर फुकट मिळतात. आपल्याला हवाय मार्शल जेसीएम८०० च्या जातीचा रॉक रिदम टोन. तुमच्याकडे अँप्लिट्यूब, गिटार रिग किंवा न्यूरल डीएसपीचं काही असेल तरी पुढचं सगळं तसंच लागू होतं.

आधी गिटार

तारा नव्या टाका. हे सगळे सांगतात आणि कोणी करत नाही. जुन्या तारेतून वरच्या फ्रिक्वेन्सी गेलेल्या असतात, मग आपण ॲम्पवर ट्रेबल आणि प्रेझेन्स चढवतो, त्याने तारेचा चमकदारपणा परत येत नाही, फक्त डिस्टॉर्शनचा कर्कशपणा वाढतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, पावसाळ्यात तर विचारूच नका, त्यामुळे महत्त्वाचं रेकॉर्डिंग असेल तर एक-दोन दिवस आधी तारा बदला, नीट ताणून घ्या आणि मग बसा. इंटोनेशन बघा, बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखा यायला हवा. डिस्टॉर्शनमध्ये दोन तारा जरा जरी बेसूर असल्या तर कॉर्ड गढूळ होते आणि आपल्याला वाटतं ईक्यू (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायची सेटिंग) चुकलाय. प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करायची सवयच लावून घ्या.

पिक पण बदलून बघा. डनलॉप टॉर्टेक्समध्ये पिवळं ०.७३ मिमी आणि जांभळं १.१४ मिमी, दोन्हीने एकच रिफ रेकॉर्ड करून ऐका, पातळ पिकचा टकटक आवाज जास्त येतो, जाड पिकने पाम म्यूट (तळव्याने तारा हलकेच दाबून वाजवणं) घट्ट वाजतं. किती रुपयांत किती फरक पडतो बघा. हाताचा जोर तर सगळ्यात मोठी गोष्ट, ठाम आणि एकसारखं वाजवलेलं कमी गेनवर सुद्धा जाड ऐकू येतं.

घुंघुं आणि खरखर

आपल्याकडे मेन्स, म्हणजे घरची वीज, ५० हर्ट्झची, त्यामुळे सिंगल कॉइल पिकअप ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली गुणगुण उचलतात. हाय गेनवर हीच गुणगुण दहापट होते. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा इफेक्ट) लावण्याआधी खोलीत जरा शोध घ्या. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर हे मोठे गुन्हेगार आहेत, पंखा पूर्ण बंद करून ऐका, बऱ्याचदा अर्धी खरखर तिथेच जाते (उकडतं, पण टेकपुरतं सहन करा). लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. चार्जर काढल्यावर आवाज गेला तर अर्थिंगची भानगड असू शकते, जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, हे फक्त टोनसाठी नाही तर शॉक बसू नये म्हणून पण. आणि खुर्चीत बसून हळूहळू गोल फिरा, एखाद्या कोनात गुणगुण एकदम कमी होते, तिथेच बसून रेकॉर्ड करा. मॉनिटर आणि चार्जरपासून गिटार लांब ठेवा.

इनपुट लेव्हल, इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

केबल इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावा आणि स्कार्लेटसारख्या इंटरफेसवर 'इन्स्ट' चालू आहे का बघा. खऱ्या गिटार ॲम्पच्या इनपुटचा इम्पीडन्स साधारण १ मेगाओम असतो आणि इन्स्ट्रुमेंट इनपुट त्याच्या आसपास बनवलेला असतो. लाइन इनपुट त्यापेक्षा खूपच कमी, मग पॅसिव्ह पिकअपवर लोड येतो, वरच्या फ्रिक्वेन्सी मरतात आणि आवाज घोंगडी टाकल्यासारखा दबतो. पुढे ट्रेबल कितीही वाढवा, गेलेलं परत येत नाही.

आता गेनचा नॉब. सगळीकडे सांगतात की सिग्नल क्लिप होण्याच्या (मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटण्याच्या) जरा खाली आणा. गायनासाठी माइक लावला असेल तर ठीक आहे, पण ॲम्प सिमसाठी ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे लेव्हल म्हणजे फक्त आवाजाचा मोठेपणा नाही. खऱ्या ॲम्पमध्ये गिटारमधून जितके व्होल्ट येतात त्यावर पहिली ट्यूब किती डिस्टॉर्ट होते ते ठरतं. सिम तसंच वागतं. तुम्ही इंटरफेसवर १५ डीबी गेन वाढवला म्हणजे प्लगिनच्या दृष्टीने तुमच्या गिटारचे पिकअप कैक पटीने तगडे झाले, मग क्रंचचा प्रीसेट पण फाटका वाजतो, क्लीन क्लीन राहत नाही, डायनॅमिक्स संपतं आणि आपण म्हणतो हे प्लगिन खराब आहे.

म्हणून माझी पद्धत अशी. इन्स्ट चालू, इंटरफेसचा गेन एकदम कमीत कमी. मग मॅन्युअलमध्ये इन्स्ट्रुमेंट इनपुटचा मॅक्सिमम लेव्हल डीबीयूमध्ये (सिग्नलचं व्होल्टेज मोजायचं एकक) दिलेला असतो तो शोधा, तिसऱ्या जनरेशनच्या स्कार्लेट २आय२ ला तो कमीत कमी गेनवर १२.५ डीबीयू आहे. प्लगिन बनवणारे बरेच जण आता सांगतात की आमचं प्लगिन अमुक डीबीयू म्हणजे डिजिटल शून्य (क्लिप होण्याची मर्यादा) असं धरून बनवलंय. इंटरफेसच्या आकड्यातून प्लगिनचा आकडा वजा करा, जे उरेल तेवढे डीबी प्लगिनच्या इनपुट नॉबवर वाढवा. समजा इंटरफेस १८ चा आणि प्लगिन १२ चं, तर इनपुटला ६ डीबी वाढवायचे. उलट असेल तर तेवढे कमी करायचे. एनएएमच्या नव्या व्हर्जनमध्ये तर इनपुट कॅलिब्रेट करायची सोयच दिलीये, कॅप्चरमध्ये ती माहिती भरलेली असेल तर फक्त इंटरफेसचा आकडा टाकायचा.

आकडे सापडलेच नाहीत तर गेन कमीत कमी ठेवा आणि तसंच सुरू करा. मीटरवर सिग्नल बारीक दिसतो, घाबरू नका, २४ बिटला त्याने काही बिघडत नाही. फक्त खूप हॉट हमबकर असतील आणि गेन शून्यावर असताना पण लाल दिवा लागत असेल तर पिकअप जरा तारांपासून खाली घ्या.

दोन सेटिंग अजून. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बंद करा, नाहीतर प्लगिनच्या आवाजात कोरी गिटार मिसळून ऐकू येते आणि टोन पातळ, विचित्र वाटतो. विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच एसिओ ड्रायव्हर टाका. बफर (आवाजाचा एका वेळी प्रोसेस होणारा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला त्याचा उशीर सुमारे २.७ मिलिसेकंद होतो, जाता-येता आणि ड्रायव्हरचे मिळून थोडे जास्त, तरी वाजवायला आरामात चालतं. कडकड आवाज यायला लागले तर २५६ करा.

चेन आणि गेन

क्रम साधा ठेवा: गेट, ओव्हरड्राइव्ह, ॲम्प, कॅबिनेट, मग ईक्यू, शेवटी रिव्हर्ब किंवा डिले. गेट ॲम्पच्या आधी, कारण तिथे कोऱ्या गिटारचा आवाज आणि खरखर यांच्यातला फरक स्पष्ट असतो. थ्रेशोल्ड इतकाच ठेवा की सूर विरताना कापला जाणार नाही.

जेसीएम८०० च्या जातीचा ॲम्प असेल तर पुढे ट्यूब स्क्रीमर टाइप पेडल लावा, ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल बऱ्यापैकी वर, टोन मधोमध. इथे पेडलचं काम डिस्टॉर्शन करायचं नाहीये. ते खालचा बेस कापतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचे मिड्स पुढे आणतं, मग ॲम्पला घट्ट सिग्नल मिळतो आणि पाम म्यूट फसफसण्याऐवजी ठोस बसतं. बेस ॲम्पच्या आधी कापणं आणि नंतर कापणं यात खूप फरक आहे, आधीच कापला तर तो डिस्टॉर्ट होऊन चिखल होतच नाही.

आणि गेन कमी करा. वाजवताना जेवढा छान वाटतो त्यापेक्षा कमी. एकट्याने वाजवताना जास्त गेनमध्ये सस्टेन मिळतो, हात सोपा वाटतो, पण रेकॉर्डिंगमध्ये दोन-चार गिटार एकमेकांवर चढल्या की तोच गेन बेरजेत जातो आणि पिकचा अटॅक हरवतो. रॉकची जी रेकॉर्डिंग आपल्याला प्रचंड जड वाटतात त्यांतल्या बऱ्याच गिटार एकट्या ऐकल्या तर आश्चर्य वाटेल इतका कमी गेन असतो, जडपणा बेस गिटार आणि ड्रम्समधून येतो.

एनएएम वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं, कॅप्चर म्हणजे ॲम्पच्या एका ठराविक सेटिंगचा ठसा असतो. प्लगिनमधले बेस-मिडल-ट्रेबल हे मॉडेलच्या नंतर लागणारे ईक्यू आहेत, खऱ्या ॲम्पचे नॉब नाहीत. गेन कमी हवा असेल तर त्याच ॲम्पचं कमी गेनचं दुसरं कॅप्चर घ्या.

कॅबिनेट, खरा टोन इथे आहे

दिवसभर वेळ असेल तर त्यातला अर्धा इथे घाला. गिटारचा स्पीकर हा फुल रेंज स्पीकर नसतो, ५ किलोहर्ट्झच्या आसपासनंतर त्याचा आवाज झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनमधून निघणारा वरचा सगळा कचरा हाच स्पीकर गाळतो. म्हणून कॅबिनेट नसेल तर कोणताही महागडा ॲम्प चिरका वाजतो, आणि चुकून दोन कॅबिनेट लागल्या तर आवाज दबून डब्यातून आल्यासारखा होतो. पहिली तपासणी तीच करा: प्लगिनमधली कॅबिनेट चालू असताना वेगळा आयआर लोडर (कॅबिनेटच्या आवाजाची फाइल लावणारं प्लगिन) पण लावलाय का? एनएएमचं कॅप्चर नुसत्या हेडचं (कॅबिनेटशिवायच्या ॲम्पचं) आहे का फुल रिगचं? फुल रिगमध्ये कॅबिनेट आणि माइक आधीच पकडलेले असतात, त्यावर आयआर लावायचा नाही. ही एकच गोष्ट दुरुस्त करून कितीतरी लोकांचे टोन जागेवर सुधारतात.

आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, एखादी कॅबिनेट आणि तिच्यासमोर विशिष्ट जागी ठेवलेला माइक यांचा पकडलेला प्रतिसाद, साध्या वेव्ह फाइलमध्ये. इथे स्पीकर ओळखायला शिका. सेलेस्टियन व्हिंटेज ३० मध्ये वरचे मिड्स पुढे असतात, मिक्समध्ये गिटार कापून बाहेर येते पण जास्त झालं तर टोचतं. ग्रीनबॅक जरा मऊ आणि गोलाकार, क्रंच आणि जुन्या रॉकला सुंदर. जी१२टी-७५, जो मार्शलच्या १९६० कॅबिनेटमध्ये असतो, त्यात मिड्स थोडे मागे आणि वरचं टोक झगझगीत. आपल्या जेसीएम८०० च्या रिदमसाठी मी ग्रीनबॅक किंवा व्हिंटेज ३० पासून सुरुवात करेन.

मग माइकची जागा. शूअर एसएम५७ हा गिटार कॅबिनेटवरचा सगळ्यात नेहमीचा माइक आहे. तो स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर असेल तर आवाज चमकदार आणि तिखट, कडेला कोनाकडे, म्हणजे स्पीकरच्या कागदी पडद्याकडे, सरकवला की गडद आणि जाड. आयआर पॅकमधल्या फाइलींच्या नावात बहुतेक हेच लिहिलेलं असतं, कॅप, कॅप एज, कोन, किंवा अंतर. मी जवळपास नेहमी टोपीच्या कडेच्या, म्हणजे कॅप एजच्या फाइलपासून सुरू करतो. टोन कर्कश वाटला तर ईक्यूला हात लावायच्या आधी माइक कडेला सरकवा, म्हणजे दुसरा आयआर निवडा. ५७ सोबत रॉयर आर-१२१ सारख्या रिबन माइकचा आयआर ३०-४० टक्के मिसळला तर खालचे मिड्स भरून येतात. दोन आयआर मिसळताना मात्र फेज बघा, एकाची पोलॅरिटी उलटी करून ऐका, ज्या बाजूला आवाज जाड तीच बरोबर. एकाच पॅकमधले, एकमेकांशी जुळवलेले आयआर वापरले तर ही कटकट बरीचशी टळते.

निवडायची पद्धत: आठ-दहा सेकंदांचा रिफ कोरा रेकॉर्ड करून लूपवर टाका आणि हातातली गिटार खाली ठेवा. वाजवत असताना टोन निवडायचा नाही, कारण तेव्हा कान बोटांवर असतात. आयआर बदलताना प्रत्येक वेळी आवाजाची लेव्हल सारखी करा, मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो आणि आपण फसतो. सहा-सात आयआर ऐका, एक निवडा, थांबा. हजार फाइलींचं फोल्डर उतरवून बसलात तर रेकॉर्डिंग राहूनच जाईल. ॲम्पची कॅप्चर पण अशाच लूपवर, त्याच आयआरमधून ताडून बघा, तेव्हा कळतं की चांगल्या आयआरनंतर दोन ॲम्पमधला फरक किती छोटा असतो.

ऐकायचं कसं

हळू आवाजात कानाला बेस आणि अगदी वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलंय. म्हणून रात्री हेडफोनवर हळू आवाजात टोन बनवला की आपण बेस आणि ट्रेबल वाढवतो, मिड्स खाली ओढतो, आणि तो टोन मोठ्याने लावला की बदबद आणि टोचरा वाजतो. मध्यम आवाजात काम करा. ड्रम्स आणि बेस चालू ठेवूनच टोन लावा. एकट्याने थोडी नाकातली वाटणारी मिड्सवाली गिटार बँडमध्ये अगदी बरोबर बसते, आणि एकट्याने भव्य वाटणारी गिटार बँडमध्ये गायब होते. आवडत्या रेकॉर्डिंगचा एखादा तुकडा दुसऱ्या ट्रॅकवर टाकून, लेव्हल जुळवून, अधूनमधून तुलना करत राहा.

डबल ट्रॅक

रिदम गिटार रुंद हवी तर तोच भाग दोनदा वाजवा, एक टेक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. कॉपी-पेस्ट करून चालत नाही, दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच असेल तर ते मधोमधच ऐकू येतं, आणि एकाला थोडं मागेपुढे सरकवलं तर मोनोमध्ये, म्हणजे फोनच्या एका स्पीकरवर, आवाज पोकळ होतो. दोन टेकमधला नैसर्गिक फरक हाच रुंदपणा देतो. दुसऱ्या टेकला पिकअप किंवा आयआर बदलला तर अजून छान. वेळेवर मात्र कडक राहा, पाम म्यूट एकत्र पडली नाहीत तर कुठलाही प्लगिन वाचवत नाही.

क्लीन टोनसाठी थोडक्यात: फेंडर डीलक्स रिव्हर्बच्या जातीचं मॉडेल, हलका कंप्रेसर, थोडा रूम किंवा स्प्रिंग रिव्हर्ब, आणि इनपुट लेव्हल इथे तर डोळ्यात तेल घालून, कारण क्लीनमध्ये चुकीची लेव्हल लगेच फाटून बाहेर येते.

शेवटचा ईक्यू आणि रेंडर

आधीचं सगळं नीट असेल तर ईक्यूला काम कमी उरतं. हाय पास (त्याखालचं कापणारा) ८० ते १०० हर्ट्झ, स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये सगळ्यात खालची ई तार ८२ हर्ट्झची, त्याखाली धमधमच असते आणि ती जागा बेस गिटारची आहे. लो पास (त्यावरचं कापणारा) ८ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास, फार खाली आणलात तर गिटार आंधळी होते. गढूळ वाटलं तर २५० ते ४०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डीबी कमी. सतत शिट्टीसारखी एक फ्रिक्वेन्सी टोचत असेल तर ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये अरुंद बँडने शोधून तीन-चार डीबी खाली घ्या, पण असे पाच-सहा खड्डे पाडावे लागत असतील तर थांबा आणि आयआर बदला. पाम म्यूटला १०० ते २०० हर्ट्झमध्ये धप्प उसळत असेल तर साधा ईक्यू लावू नका, मल्टिबँड कंप्रेसर फक्त त्या पट्ट्यावर लावा म्हणजे उघड्या कॉर्डचा जाडपणा टिकतो.

रीपर नेहमीच्या सेटिंगमध्ये कोरा डीआय सिग्नलच (गिटारचा थेट, इफेक्ट नसलेला आवाज) रेकॉर्ड करतं, ट्रॅकवरचे इफेक्ट फक्त ऐकताना लागतात, म्हणून गेट किंवा ॲम्प इनपुट एफएक्समध्ये टाकू नका, तिथे टाकलं तर ते कायमचं छापलं जातं. प्लगिनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग किंवा हाय क्वालिटीचा पर्याय असेल तर वाजवताना बंद ठेवा, सीपीयू वाचतो, आणि रेंडर करताना चालू करा, हाय गेनमध्ये वरच्या सुरांवर येणारा किरकिरा ॲलियासिंग (डिजिटल प्रक्रियेत तयार होणारे नकोसे सूर) त्याने कमी होतो. रेंडर झाल्यावर डीआयच्या वेव्ह फाइली, वापरलेलं कॅप्चर आणि आयआर प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी मिक्स परत उघडलं तरी सगळं सापडेल आणि एक नोट न वाजवता टोन बदलता येईल.